लादी, मीठ आणि मतलई: आठवीच्या पाणी-प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर

विषय ठरला. पाण्याच्या तीन अवस्था आणि एकीतून दुसरीत जाणं. तसा हा विषय मुलांना तोंडपाठ आहे. गोठणं, वितळणं, बाष्पीभवन, संघनन, विचारलं की धाडधाड सांगतात. चित्रही ठरलेलं असतं: हिमशिखर, नदी, ढग. आमच्यातल्या एकाही पोरानं हिमशिखर पाहिलेलं नाही. पण वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या फुटताना बघतच ती मोठी झाली आहेत, आणि शिरोड्याची मिठागरं तर सायकलच्या टप्प्यात. म्हणून नियम एकच घातला: जिल्ह्यात जे बघता येतं आणि मोजता येतं तेवढंच घ्यायचं.

सामान: प्रयोगशाळेतले −१० ते ११० अंशांचे थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, स्टीलचे थर्मास, स्पिरिटचा दिवा, गॅसची शेगडी. बाकी घरून.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहायला लावला: पाणी रूप बदलतं तेव्हा उष्णता जाते कुठे? तक्ता रंगवणाऱ्या दोघांनी लगेच तोंड वाकडं केलं.

६ डिसेंबर

आज उकळी. पातेल्यात ३०० मिली पाणी, आच शेवटपर्यंत तीच. २८ अंशांवरून उकळी फुटायला चार मिनिटं लागली. मग थर्मामीटर शंभराला टेकला आणि तिथेच बसला. मुलं वाट बघतायत, पारा हलेना. एकानं क्षणभर गॅस मोठा केला. बुडबुडे वाढले, आवाज वाढला, पारा तिथेच. पाणी पूर्ण आटायला अर्धा तास गेला.

फळ्यावर हिशेब मांडला. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला एक कॅलरी. २८ पासून १०० पर्यंत न्यायला ७२. आणि शंभरावरच्या एका ग्रॅमची वाफ करायला ५४०. म्हणजे साडेसात पट. चार मिनिटांची साडेसात पट किती, ते एका मुलीनं माझ्या आधी सांगितलं. घड्याळानं इतकी साथ द्यावी असं शाळेच्या प्रयोगात क्वचित होतं, कारण थोडी उष्णता नेहमी पातेल्याच्या कडेनं निसटते. आज नशीब चांगलं.

घरी सांगण्यासारखं एवढंच: भाताला उकळी आली की गॅस बारीक करावा. मोठ्या आचेवर भात लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर उडतं.

किटलीच्या तोंडाशीही थोडा वेळ घालवला. तोंडाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. ती दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुन्हा थेंब झालेलं पाणी. लोटाखाली पेटती मेणबत्ती धरली तर लोट विरतो, पुन्हा दिसेनासा होतो. पोरांनी हे इतक्यांदा केलं की मेणबत्ती संपली.

१३ डिसेंबर

आजचा प्रयोग माझ्या मते या सगळ्या प्रकल्पाचा कणा.

दोन थर्मास. दोन्हींत ८० अंशांचं पाणी, २०० ग्रॅम. एकात बर्फात ठेवून शून्याजवळ आणलेलं २०० ग्रॅम थंड पाणी ओतलं. दुसऱ्यात फडक्यानं टिपून कोरडा केलेला २०० ग्रॅम बर्फ घातला. झाकण लावून हलवलं. आधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घेतले. पहिल्याचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचा बरोबर, चाळीसच्या आसपास. दुसऱ्याला कुणी ३५ लिहिलं, कुणी ३०. धीट होते त्यांनी २०.

पहिला थर्मास: ३९. दुसरा: २.

दोन! ऐंशी अंशांचं चटका देणारं पाणी, त्यात बर्फ वितळला, आणि हाती आलं बर्फासारखंच गार पाणी. बर्फाचा एक ग्रॅम शून्यावरच राहून नुसता वितळायला ८० कॅलरी घेतो. गरम पाण्याकडे होतं तेवढं सगळं वितळवण्यातच खर्च झालं, तापमान वाढवायला काही उरलं नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच तपासलं. एकसारखी दोन काचपात्रं त्यांनी एकाच खोलीत टांगली, एकात बर्फ, एकात बर्फाइतकंच गार पाणी. पाणी अर्ध्या तासात जितकं तापलं, तितकंच व्हायला बर्फाला साडेदहा तास लागले. तोवर समज असा होता की बर्फ वितळायच्या तापमानाला पोचला की थोडीशी उष्णता मिळताच भसकन पाणी होतो. तसं असतं तर हिमालयात दरवर्षी वसंतात काय हाहाकार उडाला असता! या दडलेल्या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. पुस्तकात हा शब्द एका चौकटीत येतो आणि परीक्षेनंतर जातो. दुसऱ्या थर्मासात बोट घालून बघितलेल्या पोरांचा तो जाणार नाही.

२० डिसेंबर

बंदराजवळचा बर्फाचा कारखाना. मालकांनी सकाळी सातची वेळ दिली होती, कारण त्यानंतर होड्यांची गर्दी.

आत शिरल्यावर बर्फ कुठेच दिसत नाही. दिसते ती लाकडी फळ्यांची जमीन. एक फळी उचलली की खाली मिठाच्या पाण्याचं मोठं टाकं, त्यात ओळीनं बुडवलेले पत्र्याचे उंच डबे, डब्यात गोडं पाणी. टाक्यातलं मिठाचं पाणी शून्याखाली दहा अंशांच्या आसपास असतं, पण गोठत नाही, कारण मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. समुद्राचं पाणीसुद्धा उणे १.९ च्या जवळ गोठतं. टाक्यात मीठ त्याहून कितीतरी जास्त.

हे टाकं गार कशानं होतं? अमोनियानं. अमोनिया साध्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो. टाक्यातल्या नळ्यांत तो उकळतो, उकळायला लागणारी उष्णता मिठाच्या पाण्यातून ओढून घेतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेर पाण्याच्या फवाऱ्याखाली तो पुन्हा द्रव होतो. म्हणजे कारखान्यात लादी बनते ती दुसरं काहीतरी उकळवून. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी चेष्टा करतोय असं वाटलं. मग कामगारमामांनी त्यांना कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या पाइपाजवळ उभं केलं. बर्फाच्या कारखान्यात तो पाइप हात धरवणार नाही इतका तापलेला. डब्यांतल्या पाण्यानं सोडलेली उष्णता इथून बाहेर पडते.

सव्वाशे-दीडशे किलोच्या लादीला दीड-दोन दिवस लागतात. डब्याच्या कडेनं बर्फ धरतो, आणि मग तोच बर्फ आतल्या पाण्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. लादीच्या कडा काचेसारख्या पारदर्शक आणि मधला गाभा पांढरट असतो. पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार गोठताना आत आत ढकलले जातात आणि शेवटी मधोमध अडकतात. डब्यात बारीक नळीनं हवेचे बुडबुडे सोडून पाणी हलतं ठेवलं की लादी जास्त स्वच्छ येते.

लादी काढताना डबा साध्या पाण्यात बुडवतात. क्षणभरात कडेचा बर्फ सुटतो आणि लादी धाडकन फळ्यांवर सरकते. डबे वर रुंद आणि खाली निमुळते असतात, म्हणून लादी अडकत नाही. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं. एका मुलाच्या घरी फ्रीझरमध्ये काचेची बाटली तडकली होती, त्याचा खुलासा त्याला तिथेच मिळाला.

मग मामांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं: "सर, कडक बर्फ मासळेक बरो नाय. पाणी सुटूक व्हया." शास्त्र हेच सांगतं. फ्रीझरमधल्या कडक बर्फाचा तुकडा बांगड्याला दोन-चार ठिकाणी टेकतो, मधे हवा राहते. वितळता बर्फ गार पाणी होऊन खवल्याखवल्यापर्यंत पोचतो, वरचा चिकट थर धुऊन नेतो, आणि शेवटचा तुकडा असेपर्यंत खोका शून्याच्या आसपास राहतो.

परत येताना हिशेब केला. ३० अंशांवरची एक किलो मासळी शून्यावर आणायला साधारण १०५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे साधारण ३१५ ग्रॅम बर्फ पुरेसा. मग बंदरावर किलोला किलो बर्फ का घालतात? बाकीचा बर्फ मासळीसाठी नाहीच, तो खोक्याच्या बाहेरच्या उन्हासाठी. खोका चांगला जाड असेल तर बर्फाचे पैसे वाचतात. हे कारखानदाराला सांगायचं की नाही यावर गाडीत बराच वाद झाला.

९ जानेवारी

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. परीक्षकांचा पहिला प्रश्न, "मॉडेल कुठंय?" मुलांनी दोन थर्मास पुढे केले. त्यांना फिरणारं, दिवे लागणारं काहीतरी हवं होतं. बक्षीस हायड्रॉलिक जेसीबीला. असो. थर्मासाभोवती गर्दी मात्र दुपारपर्यंत होती.

१७ जानेवारी

पहाटे गवतावर आणि पत्र्यावर भरपूर दंव, मांडवाखाली अजिबात नाही. रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून पत्रा हवेपेक्षा गार होतो, मग हवेतलं पाणी त्यावर उतरतं. मांडवाखालच्या जमिनीला आकाश दिसतच नाही. आंबेवाल्यांना ही सकाळ आवडत नाही, मोहर ओला राहिला की भुरी रोगाची भीती.

२४ जानेवारी

शिरोड्याची मिठागरं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात या गावाचं नाव देशभर गेलं, इतिहासाच्या पुस्तकात ते आहे. मीठ कसं तयार होतं ते मात्र पुस्तकात एका वाक्यात उरकलेलं असतं: समुद्राचं पाणी उन्हात आटवतात. इतकं सोपं असतं तर किनाऱ्यावरचं प्रत्येक डबकं मिठागर झालं असतं.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. मिठाचा पहिला दाणा पडण्याआधी दहा लिटरचं पाणी एका लिटरवर यावं लागतं. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असं पुढे सोडत नेतात आणि ते घट्ट होत जातं. आम्ही पाण्याचा घट्टपणा मोजणारा हायड्रोमीटर लावून पाहिला. खाडीच्या बाजूला बोमे मापावर साडेतीन, मधल्या वाफ्यात चौदा, शेवटच्यात पंचवीस. मधल्या टप्प्यात जिप्सम आधी तळाशी बसतं, म्हणून ते मिठात येत नाही. आणि मीठ ओढून झाल्यावर उरलेलं तेलकट कडू पाणी सोडून द्यावं लागतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. आटवायचं कधी यापेक्षा थांबायचं कधी, हे जास्त महत्त्वाचं.

शेवटच्या वाफ्याशी मुलं जवळजवळ तासभर उकिडवी बसली होती. दुपारी वारा पडला की पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक चौकोनी पापुद्रे तरंगू लागतात. भिंगातून बघितलं तर प्रत्येक चौकोन मधे खोलगट, कडांना पायऱ्या. दाणा पाण्यापेक्षा जड, पण पृष्ठभागाच्या ताणामुळे तरंगतो. स्वतःच्या वजनानं थोडा थोडा खाली जातो, आणि वाढ होते ती फक्त वरच्या कडांना. असा तो उलट्या पिरॅमिडसारखा वाढत जातो. काडीनं टोचलं की गडप. वाऱ्याची झुळूक आली की सगळे एकदम बुडतात आणि तळाशी जाऊन साधे ठोकळे होतात.

मिठागरातल्या काकांना विचारलं, मीठ कशावर अवलंबून, ऊन किती कडक त्यावर ना? ते म्हणाले, "ऊन असताच ओ. वारो जमनीसून इलो तर मीठ. दर्यासून इलो तर नुसती राखण."

हे वाक्य महत्त्वाचं आहे. ऊन दोन्ही वेळा तेच असतं. मग वाऱ्यानं काय बदलतं?

३१ जानेवारी

शाळेत एक लिटर समुद्राचं पाणी गॅसवर आटवलं. ३६ ग्रॅम पांढरं काहीतरी मिळालं. चव खारट-कडू, आणि दुसऱ्या दिवशी ओलसर. कडू पाणी सोडायला कुणी नव्हतं, तेव्हा हे होणारच.

यातली खरी गंमत खर्चात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. तो जाळून निघणारी उष्णता सुमारे ६५० मेगाज्यूल, त्यातली अर्धी पातेल्यात गेली असं धरू. एक लिटर पाणी तापवून पूर्ण उडवायला अडीच मेगाज्यूलहून थोडं जास्त. म्हणजे अख्ख्या सिलिंडरवर सव्वाशे लिटर पाणी आटेल आणि हातात येतील साडेचार किलोच्या आत क्षार. एका सिलिंडरवर साडेचार किलो! हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही तासाला पाहिलेलं नाही. किराणा दुकानातलं मीठ स्वस्त का, तर उन्हाचं बिल येत नाही.

७ फेब्रुवारी

काकांच्या वाऱ्याचा तपास सुरू. दोन थर्मामीटर शेजारी टांगले. एक साधा, दुसऱ्याच्या फुग्याला जुन्या धोतराची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. हवा कोरडी असेल तर चिंधीतलं पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेतं, आणि ओला थर्मामीटर साध्यापेक्षा खाली उतरतो. दोघांतला फरक म्हणजे हवेला अजून किती पाणी हवंय त्याचं माप.

सकाळी अकरा वाजता, मतलई म्हणजे जमिनीवरून येणारा वारा चालू असताना: साधा ३१, ओला २१. तक्त्यावरून आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास.

दुपारी तीन वाजता, खारा म्हणजे दर्यावरून येणारा वारा सुटल्यावर: साधा ३०, ओला २५. आर्द्रता ६७ टक्के.

तापमानात एका अंशाचा फरक, ऊन तेच, आणि हवेची तहान मात्र जवळजवळ अर्ध्यावर. कोकणात पाण्याचं रूप ठरवण्यात उन्हाइतकाच, किंबहुना जास्त, हवेचा हात आहे असं मी आता म्हणायला लागलोय.

माठाचंही कोडं यातच सुटतं. विदर्भातल्या नातेवाइकांकडे उन्हाळ्यात माठातलं पाणी दात दुखतील इतकं गार असतं आणि आपल्याकडे जेमतेम. माठ ओल्या थर्मामीटरच्या खाली पाणी नेऊच शकत नाही. इथे दुपारी ती हद्द २५ अंशांवर. माठ दोन्हीकडे सारखेच.

१० फेब्रुवारी

मिठागराच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. नुसतं पाणी आणि मिठानं संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही असं) पाणी, दोन सारख्या ताटल्यांत, दिवसभर. संध्याकाळी साध्या पाण्याचं वजन बरंच उतरलं, मिठाच्या पाण्याचं खूपच कमी. मिठाचे आयन पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, सुटू देत नाहीत. मोजमाप असं: संपृक्त मिठाच्या पाण्याभोवतीची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर असेल तर देणं-घेणं बरोबरीत. त्याखाली असेल तर पाणी उडतं. त्यावर गेली तर उलट मीठच हवेतून पाणी ओढतं.

६७ टक्क्यांवर काकांच्या शेवटच्या वाफ्यात अगदी थोडं पाणी उडतं, ४० टक्क्यांवर भरपूर. दर्यावरून वारा आला की नुसती राखण, ती का, ते आता आकड्यात आलं. वहीत ७५ या आकड्याभोवती लाल चौकट.

१८ फेब्रुवारी

कापराच्या वड्या उघड्या बशीत ठेवल्या होत्या. बारीक होत होत गेल्या, बशी कोरडीच. स्थायूतून थेट वायू. फ्रीझरमध्ये विसरलेले बर्फाचे खडेही असेच लहान होतात. यावर जास्त वेळ घालवला नाही.

८ मार्च

आंबोली. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. पावसाळ्यात इथे सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण आज आलो ते उकळी मोजायला. तेच पातेलं, तेच थर्मामीटर, तीच शेगडी गाडीत घालून आणली. पाणी खदखदा उकळतंय आणि पारा साडेसत्त्याण्णवला. वर हवेचं ओझं कमी, म्हणून वाफेला सुटायला कमी तापमान पुरतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, हा आडाखा बरोबर बसला. बर्फाचा वितळणबिंदू इथेही शून्यच.

स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ साली याच दोन गोष्टी नोंदवल्या होत्या: बर्फ वितळतो ते तापमान दाबानं हलत नाही म्हणण्याइतकं स्थिर, उकळी मात्र दाबाप्रमाणे सरकते. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ मापात उकळीला शून्य आणि बर्फाला शंभर होते. उलटंपालटं नंतर झालं.

घाटात चहाच्या टपरीवर एका मुलानं विचारलं, इथे डाळ शिजायला जास्त वेळ लागतो का? मालकीणबाई म्हणाल्या, कुकर आहे ना. बरोबरच आहे. कुकरमध्ये दाब दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांजवळ उकळतं. मग खाली शिरोडा असो की वर आंबोली, फरक जवळजवळ राहत नाही.

१९ एप्रिल

परीक्षा संपली, म्हणून पॉट आइस्क्रीम. बंदरावरून लादीचा तुकडा, शिरोड्याचं जाडं मीठ. बर्फाच्या चुऱ्यात मीठ घातलं आणि मुठी फिरवायला सुरुवात. बर्फ वितळतोय, आणि तरीही गार होत चाललाय. आमचा थर्मामीटर −१० ला संपतो, पारा तळाशी गेल्यावर डिजिटल घातला: −१६.

बाहेरून उष्णता दिलेली नाही. मिठामुळे शून्यावर बर्फ टिकत नाही, त्याला वितळावंच लागतं, आणि त्यासाठी ग्रॅममागे लागणाऱ्या ८० कॅलरी तो स्वतःतून आणि भांड्यातल्या दुधातून ओढतो. मिठाचं प्रमाण अगदी बरोबर जमलं तर ही घसरण उणे २१ पर्यंत जाते. डिसेंबरातला थर्मास आणि कारखान्यातलं मिठाचं टाकं, दोन्ही एका लाकडी बादलीत. हापूसचा रस घातला होता. मोजमापाच्या वहीवर त्याचे डाग आहेत.

६ मे

रातांबे (कोकमाची फळं) पिकलेत. एका मुलीच्या आजीकडे आमसुलांचं वजन घ्यायला सुरुवात केली. साली सुट्या करून, रसात मीठ घालून त्यात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. सुप संध्याकाळी आणि सकाळी तोलायचं, एवढंच काम.

रात्री आजी सुपं आत उचलून ठेवतात. आमच्यासाठी एक सुप मुद्दाम रात्रभर अंगणात ठेवलं. आजी म्हणाल्याच होत्या, "रातची भायर ठेवलास तर सोलां परत वली जातत." संध्याकाळी ४१२ ग्रॅम, सकाळी ४३१. रात्रीतून १९ ग्रॅम पाणी हवेतून आलं. पाऊस नाही, दंवही पडलेलं नाही. रात्री आर्द्रता पंच्याऐंशीच्या वर गेली होती, आणि सालींवर मीठ होतं. लाल चौकटीतला ७५ आजींच्या अंगणात सापडला. आजींना आकडा सांगितला तर म्हणाल्या, आणि आता तरी सुप आत घेतास काय?

१२ जून

पाऊस लागला. मिठागरं पाण्याखाली. साधा थर्मामीटर २७, ओला साडेसव्वीस, चिंधी नावाला टांगलेली. बाहेर काहीही वाळत नाही. चुलीवर टांगून वाळवलेल्या कपड्यांना धुराचा वास.

दोन बशा मांडल्या. एकीत पाकिटातलं बारीक मीठ १०० ग्रॅम, एकीत मिठागरातलं जाडं १०० ग्रॅम.

१६ जून

पाकिटाचं १०९. मिठागराचं १२१, आणि बशीत चक्क पाणी. दोन्ही ७५ च्या वरच्या हवेत आहेत, तेव्हा दोघांनाही पाणी सुटणारच. पण जाड्या मिठात थोडे मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात, आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतसुद्धा पाणी ओढतात. म्हणूनच पाकिटातल्या मिठाला आधी धुऊन काढतात आणि वर ओल न धरणारी भुकटी थोडी मिसळतात.

१८ जून

आता उलट: दोन्ही मिठं तव्यावर कोरडी केली. पाकिटाचं पुन्हा १०० वर आलं. मिठागराचं १०० च्याही खाली, ९६. चार ग्रॅम गेले कुठे यावर सगळे काट्यावर संशय घ्यायला लागले. तेवढ्यात तव्यावर तडतड सुरू झाली, दाणे उडू लागले, एक माझ्या चष्म्यावर बसला.

जाड्या दाण्याच्या पोटात, तो वाढताना, वाफ्यातलं पाणी कप्प्यांत बंद होऊन राहतं. भिंगातून ते पांढुरके चौकोनी डाग दिसतात. बाहेरून दाणा कोरडा, त्यामुळे पहिल्या दिवशी तोललेल्या १०० ग्रॅममध्ये हे पाणीही होतं. तवा तापला की आतल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, वाफेला जागा हवी असते पाण्याच्या हजारपटीहून जास्त, आणि दाणा फुटतो. बारीक मिठात असे कप्पे उरत नाहीत, म्हणून ते गप्प बसतं.

फुटलेले दाणे वेगळ्या कागदात घेतलेत. पुढच्या आठवड्यात न फुटलेल्यांशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आहेत. तवा कुणी घासायचा ते अजून ठरलेलं नाही.